सात दिवसांची शिकवणी

संस्कृतीनं विहिरीवरची मोटार जाळली त्याला दीड वर्ष झालं, पण त्या घरात ती मोटार अजून दिवसातून एकदा तरी जळते. पोरीच्या हातून ताकाचं भांडं झाकायचं राहिलं की आई, रुपाली, म्हणणार, "मोटार जाळणारीला झाकण कशाला आठवंल!" पाहुणे आले, चहा झाला, पोरगी कितवीला असं कुणी विचारलं की वडील, आदेश, आधी इयत्ता सांगणार आणि लगेच मोटारीची गोष्ट लावणार. पाहुणे हसतात. पोरगी कपबशा उचलून आत जाते.

झालं होतं एवढंच. आदेशनं टोमॅटोच्या वावरातून ओरडून सांगितलं होतं, "मोटार बंद कर, व्हॉल फिरव, अन् येताना खोलीची किल्ली आण." तीन कामं. पोरगी धावत गेली आणि किल्ली घेऊन तश्शी धावत परत आली. विहिरीनं तळ गाठलेला, मोटार कोरडी फिरून फिरून जळाली. आदेशनं पोरीच्या कानाखाली काढली. ती थप्पड दोन दिवसांत ओसरली. थपडेबरोबर जे बोलणं आलं ते मात्र काही ओसरलं नाही. "मुद्दाम करती ही," आदेश म्हणाला होता. "अंगात आळस, दुसरं काय न्हाई."

आता पोरगी विसराळू होती म्हणावं, तर तेही खरं नाही. चौथीतल्या कविता तिला अजून धडाधडा येतात. मावशीच्या लग्नात पंगतीला काय काय होतं ते विचारा, लोणच्यासकट सांगेल. एकदा आत गेलं की तिच्याकडून काही बाहेर पडत नाही. गोची होती ती त्याच्या आधी. ऐकलेलं घडीभर धरून ठेवायचं, तेवढ्यात काम उरकायचं, हे जे तुम्ही-आम्ही दिवसभर नकळत करतो ते तिला जमत नव्हतं. हातात दोन अंडी मावावीत आणि तिसरं कुणी दिलं की पहिलं फुटावं, तसं व्हायचं. पण अंडं फुटलेलं दिसतं तरी. हिच्या डोक्यातलं पडलेलं कुणाला दिसणार? लोकांना दिसायची ती फक्त दारात गोंधळून उभी राहिलेली तेरा वर्षांची धडधाकट घोडी.

शाळेत तेच. बाई म्हणायच्या, वही काढा, तारीख टाका, पान बेचाळीसवरचं तिसरं गणित करा. संस्कृतीची वही निघायची, तारीख पडायची, आणि मग ती शेजारणीच्या वहीत डोकवायची. शेजारणीनं वहीवर हात आडवा धरायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीत खेळात कुणाचा डाव, कोण आऊट, हे तिच्या ध्यानात राहायचं नाही, म्हणून पोरींनी तिला आधी लिंबूटिंबू केलं आणि नंतर बोलवायचंच बंद केलं. सहावीचं सबंध वर्ष तिनं मधली सुट्टी हापशापाशी काढली. घरी कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

सातवीला आरती बाई वर्गावर आल्या. या बाईंना डोळे होते. दिवाळीनंतर एका रविवारी त्या स्वतः घरी आल्या आणि आदेशला म्हणाल्या, "हिला एका वेळी एकच गोष्ट सांगितली तर ही चोख करते. दोन-तीन एकदम सांगितल्या की गडबडते. मला वाटतं ऐकलेलं धरून ठेवायला हिच्या डोक्यात जागा कमी पडते. तपासून घेऊ या. जुन्नरला दर गुरुवारी तपासणीच्या मॅडम येतात. तसं निघालं तर तिला सूचना लिहून देऊ, परीक्षेला वेळ वाढवून मागू."

"आन् तसं न्हाई निघालं तर?" आदेशनं विचारलं.

"तर मग नाही."

"ठरलं तर. तपासा. डोकं ठीक निघालं की जूनला होस्टेलात टाकतो. तिथं चांगली सुतासारखी सरळ व्हत्यात पोरं."

संस्कृती दाराआड उभी होती. माणसं तपासणीला जाताना देवाला म्हणतात, काही निघू देऊ नको. ही पोरगी उलटं म्हणत होती. निघू दे रे देवा, काहीतरी निघू दे. म्हणजे पप्पांना कळंल की मी मुद्दाम करत न्हाई. तिला औषध नको होतं, जास्तीचा वेळही नको होता. एवढं एकच हवं होतं.

पण घरात आणखी एक माणूस ऐकत होतं. तिचे आजोबा, धर्माजी, म्हणजे आबा. आबांनी 'डोक्याची तपासणी' एवढंच ऐकलं. बाई गेल्यावर ते रुपालीला म्हणाले, "येडी म्हणून कागद करत्यात गं. पोरीच्या जातीला असला कागद एकदा चिकटला की सुटत न्हाई." रुपालीनं पदर तोंडाला लावला. झालं. आदेश टोमॅटोच्या तोडणीत अडकलेला, तेव्हा गुरुवारी पोरीला जुन्नरला न्यायचं काम आबांनी आपण होऊन मागून घेतलं.

तपासणी एका शाळेच्या जुन्या खोलीत चालायची. खोलीच्या मधोमध प्लायवूडचा पडदा, पलीकडं टेबल आणि तेजस्विनी मॅडम, अलीकडं बाकावर वाट बघणारे. मॅडम मंचरच्या. पंचक्रोशीतली पोरं एका दिवसात उरकायची, त्यामुळं चहासुद्धा टेबलावरच गार व्हायचा. संस्कृतीच्या आधी सात पोरं होती. मॅडम एकेकाला आत घ्यायच्या आणि आकडे सांगायच्या, सावकाश, सेकंदाला एक. "मी म्हणते तसं म्हणायचं. तीन-आठ." पोरगं म्हणायचं, तीन-आठ. "सहा-दोन-नऊ." मग चार आकडे, मग पाच. पोराचं चुकेपर्यंत ओळ लांबत जायची. त्यानंतर तीच गंमत उलटी, मॅडमनी दोन-सात म्हटलं की पोरानं सात-दोन म्हणायचं.

सगळ्यांना माप एकच हवं म्हणून ओळीही सगळ्यांना त्याच. आणि प्लायवूड ते काय, शिंकलं तरी पलीकडं कळायचं.

आता बाकावर बसलेलं म्हातारं कोण होतं ते तुम्हाला सांगायला पाहिजे. धर्माजी तरुणपणी खळ्याखळ्यावर माप घालायचे. पायलीनं धान्य मोजायचं, तोंडानं मोजणी म्हणत राहायची. चार भावांच्या चार राशी एका दिवसात मोजल्या तरी संध्याकाळी कुणाच्या किती पायल्या ते तोंडपाठ. लिहिता येत नव्हतं, गरजही पडली नाही. धर्माजीच्या मापावर उभ्या आयुष्यात कुणी बोट ठेवलं नव्हतं. पुढं काटे आले, मग वजनाची यंत्रं आली, आणि त्या डोक्याला घरात कुणी विचारीना. तर असलं ते डोकं बाकावर बसून ऐकत होतं. चौथं पोर बाहेर येईपर्यंत आबांना सगळ्या ओळी पाठ झाल्या होत्या. सातव्या पोरापर्यंत उलट्यासुद्धा.

चार वाजले, मॅडमची वेळ संपली. संस्कृतीचा नंबर पुढच्या गुरुवारवर गेला. आबा एवढे खूश की एसटीत बसल्या बसल्या त्यांनी पोरीला भजी घेऊन दिली. "बाय, पेपर फुटलाय," ते तिच्या कानात म्हणाले. "आता बघू कोण तुला येडी म्हणतंय."

परीक्षा म्हटली की पास व्हायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. जी परीक्षा नापासांसाठीच असते तिथं काय करायचं, हे त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार?

आणि मग ते सात दिवस सुरू झाले. शाळा सुटली की आबा ओट्यावर तयार. घोंगडी टाकलेली, शेजारी शेंगदाणे. ते तळहातावर थाप मारून ओळ म्हणायचे, ती मागून म्हणायची. चुकली की पुन्हा. वीसदा, पन्नासदा. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. मापाची जीभ त्यांची, त्यामुळं ते 'एक' म्हणायचेच नाहीत. खळ्यावर पहिल्या पायलीला एक म्हणत नसतात, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. "येक म्हणलं की रास येकटी पडती, बाय," ते म्हणायचे. तेव्हा ओळीत जिथं एक, तिथं लाभ. लाभ-सहा-चार. पाच-लाभ-नऊ-तीन. संस्कृतीच्या तोंडातही तेच बसलं.

खरं सांगायचं तर त्या पोरीच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला आठवडा होता. हापशापाशी उभी राहिली तरी तिला माहीत असायचं की संध्याकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय. आबांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, शेंगदाणे खायचे. सोमवारी त्यांनी तिला आपल्या तरुणपणीचं सांगितलं, एका खळ्यावर पैज लावून त्यांनी शंभर पायल्या कशा मोजल्या ते. ते हसले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आबांना हसताना तिनं बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पण एकेक ओळ आत जाऊन बसत होती, आणि एकदा आत गेलं की तिच्याकडून बाहेर पडत नव्हतं, हे मी मघाशी सांगितलंच. तिला कळत होतं काय चाललंय ते. पास झाले की संपलं. मग बाईसुद्धा म्हणतील, तुझं डोकं तर ठीक आहे गं. मग मोटार मुद्दाम जाळली, ताक मुद्दाम उघडं टाकलं, सगळं मुद्दाम. आणि वर होस्टेल. मंगळवारी तिनं धीर केला.

"आबा, माझ्या खरंच ध्यानात ऱ्हात न्हाई."

"ऱ्हातंय की! आत्ताच्या आत्ता सात आकडे म्हणलीस ना?"

आबांनी थाप मारली आणि पुढची ओळ सुरू केली.

गुरुवारी तिचा पहिलाच नंबर होता. आबा प्लायवूडच्या अलीकडं बसले, पागोटं मांडीवर. ती आत गेली. मॅडमनी नाव विचारलं, काल संध्याकाळी काय जेवलीस विचारलं, आणि कागद पुढं ओढला.

"मी म्हणते तसं म्हणायचं. तीन-आठ."

"तीन-आठ."

"सहा-दोन-नऊ."

"सहा-दोन-नऊ."

ओळी तोंडातून आपोआप बाहेर पडत होत्या, थांबवायच्या म्हटलं तरी थांबेनात. मॅडम बरोबरच्या खुणा करत चालल्या होत्या. संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. एकेक खूण म्हणजे होस्टेलकडं एकेक पाऊल.

"एक-सहा-चार."

"लाभ-सहा-चार."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी मान वर केली. मंचरच्या असल्या तरी त्याही शेतकऱ्याच्याच घरातल्या, खळ्यावर बागडलेल्या.

"मी 'एक' म्हटलं. तू 'लाभ' म्हणालीस," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे हे तू माझ्याकडून नाही ऐकलंस. कुणी शिकवलं, बाळ?"

संस्कृतीचे डोळे प्लायवूडकडं गेले. पलीकडं बाक करकरलं.

"हे बघ, माझ्याकडं दुसऱ्या ओळी आहेत. त्या कुणी ऐकलेल्या नाहीत. घेऊ?"

नको म्हणाली असती तर? तिला नको म्हणता आलं असतं. ताप आलाय म्हणाली असती, तरी त्या दिवसापुरतं निभावलं असतं. आबांचं नाव राहिलं असतं. पण तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला थेट विचारत होतं, आणि ती म्हणाली, "घ्या."

दोन आकडे आले. तीन आकड्यांची एक ओळ चुकली, एक बरोबर आली. चार आकड्यांना मॅडमच्या तोंडातून शेवटचा निघेपर्यंत पहिले दोन नाहीसे झाले. तिनं फार प्रयत्न केला, मुठी आवळल्या, डोळे मिटले. नाहीच. उलट्या ओळींना तर दोन आकड्यांपुढं गाडी सरकेना. मॅडमनी एकदाही 'चूक' म्हटलं नाही, तोंड वाकडं केलं नाही. अर्ध्या तासानं त्यांनी कागद मिटला आणि म्हणाल्या, "बाळ, तुला फार कष्ट पडत असतील गं दिवसभर."

एवढ्यावर ती पोरगी जी रडायला लागली ती पाणी पाजेपर्यंत थांबली नाही.

मग मॅडम बाहेर आल्या. आवाज न चढवता, पण बाकावरच्या चार माणसांना ऐकू जाईल असं त्या आबांना म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही चांगल्या मनानंच केलं असणार. पण आज माझं माप खोटं ठरलं असतं, आणि पोरीचं नुकसान झालं असतं." त्यांनी एक बंद पाकीट दिलं. "सविस्तर अहवाल महिन्यानं येईल. तोवर ही चिठ्ठी हिच्या वडिलांना द्या."

माप खोटं. धर्माजीच्या तोंडावर, आणि चार माणसांत! आबांनी पागोटं डोक्याला ठेवलं आणि चालायला लागले. एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले. ओतूरचा थांबा मागं पडल्यावर म्हणाले, "एवढं घोकून घेतलं. एक आकडा सांभाळता आला न्हाई तुला." बस्स, तेवढंच.

घरी आदेश ओट्यावर वाटच बघत होता. "काय निघालं, आबा?"

आबांनी जाकीट काढून खुंटीला अडकवलं. पाकीट त्याच्याच खिशात होतं. "काय निघायचंय? पास झाली. समदं बरोबर सांगितलं पोरीनं."

"बघ!" आदेशनं रुपालीकडं पाहून मांडीवर हात मारला. "म्हणलं न्हवतं मी? मुद्दाम करती. आता होस्टेलचा फोन लावतो."

संस्कृतीनं आबांकडं पाहिलं. आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते तिच्यासाठीच खोटं बोलले होते, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिचे पाय जड झाले होते. या घरात तिच्या शेजारी येऊन बसणारं एकच माणूस होतं, आणि त्याला आता उघडं पाडायचं होतं. ती खुंटीपाशी गेली, जाकिटातलं पाकीट काढलं आणि पप्पांच्या हातात दिलं.

आदेशनं चिठ्ठी उघडली. मोठ्यानंच वाचायला लागला, त्याची सवयच तशी. "संस्कृतीला एका वेळी दोन, फार तर तीन गोष्टीच ध्यानात धरता येतात. तिच्या वयाच्या मानानं हे खूप कमी आहे. हा आळस नाही. तिला एका वेळी एकच काम सांगावं. ती हे..." इथं तो अडखळला. पुन्हा पहिल्यापासून वाक्य धरलं. "ती हे मुद्दाम करत नाही."

रुपालीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आदेशनं चिठ्ठीची घडी केली, परत उलगडली.

"म्हंजी तवा... मोटारीच्या वक्ताला..."

"किल्ली तेवढीच ऱ्हायली व्हती डोक्यात, पप्पा."

आदेश खाली बसला. दोन्ही हातांत त्यानं डोकं धरलं. जे पोरीला हवं होतं ते तिला मिळालं, पुरेपूर मिळालं. तिला वाटलं होतं छाती हलकी होईल. झालीही, थोडी. पण मागं वळून पाहिलं तर आबा ओट्यावर नव्हते.

गोठ्यात दिवा लागला होता. आबा म्हशीखाली बसले असणार. तिनं मनाशी ठरवलं काय सांगायचं ते. तीन गोष्टी. आबा, मी तुमचं नाव घालवायला न्हाई केलं. ते सात दिस मला लई आवडले. उद्या पण बसा माझ्यासंगं. तीनच होत्या, आणि तिन्ही तिच्या स्वतःच्या. ती अंगणात उतरली, तोंडानं पुटपुटत, एकेक बोट दुमडून धरत. नाव. सात दिस. उद्या.

"संस्कृती," मागून रुपालीची हाक आली. चिठ्ठी ऐकून तिचे डोळे अजून ओलेच होते, तरी तोंडाची सवय थोडीच जाते? "अगं, म्हस पिळून झाली का बघ, अन् येताना दुधाची किटली आण."

पोरगी थबकली, मग गोठ्यात गेली. आबा पाठमोरे होते.

"आबा, किटली."

आबांनी मागं न बघता भरलेली किटली तिच्याकडं सरकवली. ती जाईना तेव्हा ते वळले. तोंडावर राग नव्हता आता. वाट बघत होते म्हणा ना.

"आजून काय, बाय?"

तिनं तोंड उघडलं. काहीतरी होतं. तीन गोष्टी होत्या, हे तिला नक्की माहीत होतं. तिची बोटं अजून दुमडलेली होती, पण कशासाठी ते त्या बोटांना सांगता येत नव्हतं.

"काय न्हाई," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली आणि ते पुन्हा म्हशीकडं वळले. ती किटली घेऊन, दूध सांडू न देता घराकडं गेली.